हरीण आधी पळतं, कारण...

प्रश्न : मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. शिकारीचा परवाना आणि हरणाचा टॅग (म्हणजे एक हरीण मारायची परवानगी) दोन्ही काढलेत. मचाणावर तासन्‌तास बसणं मला जमत नाही, म्हणून रायफल घेऊन पायीच जंगलात शिरतो. पण दर वेळी दिसते ती पळत्या हरणाची उंचावलेली पांढरी शेपटी. आणखी किती हळू चालू?

उत्तर : हळू चालताय यात शंका नाही, पण थांबत नाही आहात. तीन-चार पावलं टाका आणि मग पाच मिनिटं खुशाल उभे राहा. थांबायचं तेही मोकळ्यावर नाही, खोडाला लागून. म्हणजे तुमची आकृती उठून दिसत नाही. मी पुढचं पाऊल उचलण्याआधी पुढे कुठे थांबायचं ते झाड ठरवून घेतो.

थांबलात की दुर्बीण लावा, आणि अख्खं हरीण शोधू नका. दाट झाडीत ते अख्खं दिसतच नाही. उभ्या खोडांच्या गर्दीत एखादी आडवी रेघ दिसली, तर ती पाठ असू शकते. नाहीतर कान हलतो, गळ्याखालचा पांढरा डाग दिसतो. एकदा तर एका पडलेल्या ओंडक्यामागे नुसता हलणारा जबडा दिसला होता; हरणीबाई निवांत रवंथ करत बसल्या होत्या!

वारा मात्र तोंडावर किंवा आडवा हवा. पाठीवर असेल तर तुमचा वास तुमच्या आधी हरणापर्यंत पोचतो; वाट बदला, नाहीतर बाकीची सगळी मेहनत फुकट. खिशात टाल्कम पावडर ठेवा, चिमूटभर सोडली की कळतं. उतारावर आणखी एक भानगड : सकाळी ऊन तापू लागलं की हवा वर चढते, संध्याकाळी गारव्याबरोबर खाली उतरते. म्हणून ऊन वर आल्यावर वरच्या अंगाने चाला, दिवस कलल्यावर खालच्या.

वाळलेली पानं पापडासारखी वाजत असतील त्या दिवशी, राग मानू नका, पण मुकाट्याने मचाणावर बसा. पायी फिरायचं ते पाऊस पडून गेल्यावर किंवा झाडं हलवणारा वारा असताना.

हरणाने तुमच्याकडे पाहिलं तर आहात तसे गोठून जा. पुष्कळदा ते चरल्याचं सोंग करत मान खाली घालतं आणि झटकन वर करतं. पहिल्यांदा मान खाली गेली म्हणून हलायचं नाही.

कपड्यांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. तुमच्याकडे बंदुकीच्या हंगामात कमरेवरचे निदान निम्मे कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावे लागतात, टोपीलाही तेच. त्याची धास्ती नको, हरणाला नारिंगी आपल्याइतका भडक दिसत नाही. निळा मात्र चांगला दिसतो, तेव्हा जीन्स घरीच ठेवा.