सुरुवात अल्स्टरपासून करा
पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेचियाच्या डोंगराळ भागातली स्कॉटिश-आयरिश मुळं शोधायची, तर किल्ट आणि बॅगपाइप आधी बाजूला ठेवा. तिथे गेलेले बहुतेक लोक हायलँडमधले, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेतले, नव्हतेच. १७व्या शतकात सखल स्कॉटलंडमधून उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात जाऊन वसलेल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) कुटुंबांचे ते वंशज. १८व्या शतकात जमिनीचा वाढता खंड आणि बुडालेली पिकं यांनी जेरीस येऊन ते फिलाडेल्फियाकडे निघाले, तिथून खोऱ्याखोऱ्यांनी दक्षिणेला सरकले.

मग एकच गाणं धरून बसा. मी ‘बार्बरा ॲलन’ सुचवीन. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस याच्या १६६६च्या रोजनिशीत ते स्कॉटिश गाणं म्हणून येतं. १९१६ ते १९१८ या काळात इंग्लिश लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलीस यांनी तेच डोंगरातल्या गायकांकडून टिपून घेतलं. गाण्याच्या शेवटी बार्बरा आणि तिच्या प्रियकराच्या थडग्यांतून गुलाब आणि काटेरी वेल उगवतात, वर चढून एकमेकांत गुंततात. गाण्याचे चार-पाच वेगवेगळे पाठ समोर मांडा, कुठलं कडवं गळलं, गावाचं नाव कुठे बदललं ते वहीत लिहा. या कामाची खरी गोडी तिथेच लागते.

आणि शार्पवरच विसंबू नका. तो इंग्लिश गाणी शोधायला गेला होता. पण डोंगरातल्या संगीताची मुळं इतरही आहेत: फिडलच्या जोडीचा बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातांतून आला, डल्सिमर या तारवाद्याचं मूळ जर्मन वाद्यांत सापडतं.