कोवळी व्हिंटेज पोर्ट तोंड आवळते, तेव्हा

प्रश्न (भुसावळ): मुलाने पोर्तुगालहून २०१७ची व्हिंटेज पोर्ट (एकाच चांगल्या सालच्या द्राक्षांची गोड, कडक वाइन) आणली. उघडून लगेच चाखली. आधी गोड, मग जीभ कोरडी, शेवटी घशात जाळ. गोव्याची पोर्ट अशी कधी लागली नाही. बाटली खराब निघाली का?

उत्तर: तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. गोव्याची 'पोर्ट' हे वेगळंच गोड पेय. पोर्तुगालमध्ये डोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षरस जेमतेम दोन-तीन दिवस आंबवतात आणि निम्मी साखर शिल्लक असतानाच, चार भाग रसाला एक भाग या हिशेबाने, ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. आंबणं तिथेच थांबतं. लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर उरते, अल्कोहोल २० टक्क्यांवर जातं. वेळ इतका थोडा, म्हणून सालींतला रंग आणि टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारं तुरट द्रव्य, घाईने काढावं लागतं. जुन्या पद्धतीत दगडी हौदात पायांनी तुडवून. त्यात व्हिंटेज पोर्ट लाकडी पिंपात दोन-अडीच वर्षंच राहते आणि न गाळता बाटलीत जाते. टॅनिन मवाळ व्हायला पुढे १५-२० वर्षं लागतात. कच्च्या केळ्याने तोंड आवळतं तेही टॅनिननेच, हे तुमच्या भागात समजावून सांगायला नको. २०१७ तर डोरूत उष्ण, कोरडं साल होतं. तेव्हाची पोर्ट दाटच असते.

जाळ मात्र बहुधा तापमानाचा. ३५ अंशांच्या खोलीत पेल्यातून आधी स्पिरिटच नाकात चढतं. १६ ते १८ अंश हवेत. फार गारही नको, टॅनिन आणखी खरखरीत लागतं.

बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. चाखायच्या आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवून हळूच काचेच्या जगात ओता, तळाची दोन बोटं सोडा, आणि गार खोलीत तास-दोन तास हवा लागू द्या. लिकरचे चिमुकले ग्लास नकोत. तोंडाशी निमुळता होणारा मोठा पेला घ्या, त्यात ५० मिली पुरे. पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कडेला जांभळी झाक दिसायला हवी. एवढ्या लहान वयात कड विटकरी दिसली तर बाटलीने वाटेत ऊन खाल्लेलं असू शकतं. वास आधी पेला न हलवता घ्या, मग फिरवून. जांभूळ, करवंद, काळी तुती, फुलं असं काही आलं तर उत्तम. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच बिघडलं. त्याला उपाय नाही. शिजवलेल्या जॅमचा वास हा उष्णतेचा मार.

आता चमचाभर घोट दहा सेकंद तोंडात, हिरड्यांपर्यंत फिरवा आणि थुंका. टॅनिन बारीक पिठासारखं सगळीकडे पसरतं की एका जागी ओरखडतं, हे बघा. थुंकल्यावर फळाची चव टिकली तर बाटलीत दम आहे; नुसती गोडी आणि आग उरली तर नाही. निकाल पहिल्या घोटावर देऊ नका, कारण साखर टॅनिन झाकते. तिसऱ्या घोटाला ते साचून खरं रूप दाखवतं. मध्ये पाणी आणि कोरड्या पोळीचा तुकडा घ्या. शेवभाजी, ठेचा अजिबात नको: तिखटावर अल्कोहोल दुप्पट जाळतं. त्या दिवशी भरीतसुद्धा नंतर.

प्रश्न (धुळे): उघडलेली बाटली किती दिवस चालते?

उत्तर: बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. कोवळी असेल तर दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा अधिक चांगली लागते. आठवडे टिकते ती टॉनी पोर्ट, लाकडातच हवा खाऊन मुरलेली.

प्रश्न (अमळनेर): वीस वर्षं घरात ठेवता येईल?

उत्तर: १२ ते १५ अंश कायम राखणारं वाइनचं कपाट असेल तरच, आणि बाटली आडवी. आपल्याकडच्या मे महिन्यात साध्या कपाटात वाइन फुगून बूच वर ढकलते, हवा शिरते. घरच्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं ठेवली तर बूच वाळतं. सोय नसेल तर येत्या हिवाळ्यातच उघडा.