रेडिएटरचा फॅन लागला की जुन्या गाडीचा आयडल का पडतो?

तुमची 2004 ची पेट्रोल गाडी आहे, फॅन लागला की आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा स्लो, खाली येतो, कधी इंजिन बंदच पडतं आणि मिस्त्री थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बदला म्हणतो. आत्ताच बदलू नका.

आमच्या गाडीला हेच झालं होतं. आम्ही आर्वीकडचे. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, फॅनला उसंत नाही. संध्याकाळी बाजारातून निघताना गर्दीत थांबलं की फॅन लागायचा, हेडलाइट मंद व्हायचे आणि इंजिन थरथरून गप्प. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, तुम्ही क्लच लवकर सोडता." गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना बंद पडते, तिथे क्लचचा संबंध काय? पण भासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाने, तेच उचलून धरलं. तेही माझ्याशी न बोलता, ह्यांना म्हणाले, "तिले गाडी जमत नाही, इकून टाक." मिस्त्रीने स्क्रू पिळून स्लो वाढवून दिला. बंद पडणं थांबलं, पेट्रोल जास्त जायला लागलं, बिमारी तिथेच.

शेतातल्या मोटारीसाठी घरात मल्टिमीटर होताच. इंजिन चालू, लाइट आणि फॅन सुरू. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. तिथे 0.2 व्होल्टच्या आत यायला हवं, आमच्याकडे अर्ध्या व्होल्टच्या वर. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडली, तर बोल्टखाली हिरवट बुरा साचलेला आणि पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासलेली जागा, वरून व्हॅसलीन. स्लोचा स्क्रू परत होता तिथे आणला. त्यानंतर फॅन लागला की इंजिन किंचित दबतं आणि लगेच सावरतं.

फॅनचा भार डायनॅमोवर पडतो, डायनॅमोचा इंजिनवर. तेवढ्यात इंजिनच्या कॉम्प्युटरने आयडल वॉल्व्ह उघडून जास्तीची हवा द्यायची असते. अर्थिंग खराब असेल तर त्याला व्होल्टेज कमी मिळतं, सेन्सरचं रीडिंग चुकतं. वॉल्व्हवर कार्बन बसला असेल तर तो उशिरा उघडतो. म्हणून थ्रॉटल बॉडी आधी साफ करा, बदलायचं नंतर बघू. फॅन सुरू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते सव्वाचौदा व्होल्ट दिसायला हवेत. बरेच कमी असतील तर बेल्ट आणि डायनॅमोचे कार्बन ब्रश बघा. फॅनचं पातं हाताने जड फिरत असेल तर मोटारच जास्त करंट ओढतेय.

आणि फॅन डायरेक्ट करून स्विच लावून घेऊ नका. आमच्या भागात सर्रास करतात. स्विच दाबायचं राहिलं की हेड गॅस्केट गेलंच. भासऱ्यांनी स्वतःच्या गाडीला तेच करून घेतलंय आणि इंजिन गरम होतं म्हणून कंपनीला शिव्या घालतात. आमची गाडी विकलेली नाही, मीच चालवते. घरात कोणी ड्रायव्हिंगवर बोट ठेवत असेल तर त्यांच्यासमोर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून फॅन लागू द्या.

हे सगळं एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणाऱ्या गाडीचं. कार्बोरेटरवाल्या गाडीत आयडल कॉम्प्युटर सांभाळत नाही, तिथे व्हॅक्यूमचे पाइप तपासावे लागतात. पट्टी सोडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. पात्याला हात लावतानाही तेच करा, काही गाड्यांत चावी बंद असूनही फॅन अचानक फिरतो.