आईच्या साड्या न कापता गोधडी कशी शिवू? मशीन नाही, शिवणही येत नाही

तुम्ही विचारलंय की शिवणाचा काहीच अनुभव नाही, मशीन नाही, कपाटात आईच्या सहा सुती साड्या आहेत, त्यांची गोधडी करायचीय पण कात्री लावायला हात धजत नाही, आणि सुरुवात कुठून करू. आधी उत्तर सांगून टाकते, पाल्हाळ नंतर. कात्री लावूच नका, चौघडी करा, म्हणजे अख्ख्या साडीच्या चार घड्या घालून शिवलेली गोधडी. पण ती पहिली वस्तू म्हणून नको, तिसरी म्हणून करा, तोपर्यंत हात बसलेला असेल.

हे मी एवढ्या खात्रीने सांगते कारण मी नेमकं उलटं केलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला एकदम उत्साह आला आणि मी थेट पाच बाय साडेसात फुटांची गोधडी अंथरली, वरून ठिगळं लावायला जे हाताला लागेल ते घेतलं, थोडं सुती, थोडं जॉर्जेट, नवऱ्याची एक टेरीकॉटची पँट आणि एक कोरा लाल खण. तीन आठवडे कंबर मोडून शिवली आणि उचलून बघते तर चौकोनी गोधडीची शंकरपाळी झालेली, एक कोपरा इकडे पळालाय एक तिकडे, मधे फुगे. वर धुतल्यावर खणाचा रंग सगळीकडे उतरला. सासूबाई कोल्हापूरकडच्या, त्या गोधडी म्हणत नाहीत, वाकळ म्हणतात, त्यांनी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि "राहू दे गं, गाडीत टाकायला हुईल" एवढंच म्हणाल्या. अजून डिकीतच आहे, स्टेपनीवर.

चुकलं काय ते मला फार उशिरा कळलं. टाके वाईट नव्हते हो, शिवायच्या आधीचीच कामं केली नव्हती. थर एकमेकांना टाचून घेतले नव्हते, ताणणारं आणि न ताणणारं कापड एकत्र केलं होतं, आणि कोरं कापड न धुता वापरलं होतं. शिवणात हे असंच असतं, बिघडतं ते बहुतेक वेळा सुई हातात घ्यायच्या आधीच.

सामान फार लागत नाही. हातसुयांचं एक मिक्स पाकीट आणा, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, साध्या सुती कापडाला ७ किंवा ८ नंबर चालतो, गोधडीला जरा जाड आणि लांब. दाभण नको, साडीला भोकं पडतात. मेजपट्टी, खडू, तीन-चार डझन सेफ्टीपिना, मधल्या बोटात घालायचं अंगुस्तान (सुरुवातीला अडचण वाटते, चार थरांतून सुई ढकलायची वेळ आली की आपोआप आठवण येते), आणि मेणबत्तीचा एक तुकडा. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की पीळ कमी पडतो, गुंता होत नाही. आणि कापडाची कात्री वेगळी ठेवा, तिने घरात कोणालाही कागद कापू देऊ नका, दुधाची पिशवी तर अजिबातच नको. आमच्याकडे यावरून खरीखुरी भांडणं झालीत.

आता पहिली वस्तू, गॅसवरचं गरम भांडं उचलायचं फडकं. पहिली वस्तू अशी असावी की रोज वापरात येईल पण पाहुण्यांना दिसणार नाही. जुन्या सुती कपड्याचे ८ इंची दोन चौकोन कापा, आणि जुन्या टर्किश टॉवेलचे तसेच दोन. सुती चौकोनांच्या सुलट बाजू एकमेकांना लावायच्या, त्यावर टॉवेलचे दोन्ही तुकडे ठेवायचे, कडेपासून अर्धा इंच माया (शिवणीबाहेर राहणारं कापड) सोडून चारही बाजूंनी शिवायचं, फक्त एका बाजूला तीन इंच उघडं ठेवायचं. तिथून उलटवून घ्या, कोपरे बोथट पेन्सिलने ढकला, उघडी जागा आत दुमडून बंद करा. मग वरून तिरक्या रेघा मारून धावदोरा घाला, म्हणजे टॉवेल आत गोळा होत नाही. फक्त एक बघा, सगळं कापड सुतीच हवं, नायलॉन-पॉलिस्टर गरम भांड्याला लागलं तर वितळून हाताला चिकटतं.

धावदोरा म्हणजे नुसतं खाली-वर खाली-वर, पण त्यातही गंमत आहे. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला तर सुईत कमी वेळा ओवावा लागेल असं वाटतं पण तो सगळा वेळ गाठी सोडवण्यात जातो. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि सुई दरवेळी बाहेर ओढू नका, सुईवर चार-पाच टाके चढवायचे आणि मग एकदम ओढायची. ओढताना दोरा ताणायचा नाही. ओढल्यावर कापडाला चुणी पडली तर समजायचं जास्त ओढलं, अंगठ्याने शिवणीवरून एकदा सपाट करायचं आणि पुढे जायचं. पहिली ओळ वाकडीच येईल. चौथी बऱ्यापैकी येते.

दुसरी वस्तू उशीचा अभ्रा, आणि तो बटणांचा किंवा चेनचा नको, आत झाकण दुमडलेला. हा सगळा सरळ रेषांचा आहे, अख्खा अभ्रा एका लांब पट्टीतून होतो. बाजारात १७ बाय २७ इंचाची उशी भरपूर मिळते पण तुमची तुम्ही मोजाच. लांबीला २७ आणि २७, वर आतल्या झाकणाचे ६, दोन्ही टोकांच्या दुमडीला एकेक, झाले ६२ इंच. रुंदीला १७, मायेचा एक, सैलपणाला अर्धा, म्हणजे साडेअठरा. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात शेजारी शेजारी दोन बसतात, म्हणून पावणेदोन मीटर घेतलं तर आटायचा हिशोब धरूनही दोन अभ्रे निघतात. कापड आणल्यावर आधी रात्रभर पाण्यात भिजत घाला, वाळवा, इस्त्री करा, मगच मोजून कापा. मांजरपाट तर हमखास आटतो.

शिवताना दोन्ही आखूड टोकं आधी दुमडून हेम करून घ्या, म्हणजे दुमडलेली कड बारीक तिरप्या टाक्यांनी बसवायची. मग पट्टी सुलट बाजू वर करून अंथरा, एक टोक २७ इंच वर आणा, वर उरलेलं सहा इंचाचं झाकण त्याच्यावर खाली पाडा, दोन्ही बाजू शिवा, उलटवा. झाकण आपोआप आत जातं. मी पहिल्यांदा केला तेव्हा मला जादूच वाटली होती. फक्त या बाजूच्या शिवणी धावदोऱ्याने करू नका, उशी कोंबताना उसवतात, इथे टीप घाला, म्हणजे सुई पुढे काढायची आणि परत मागच्या टाक्याला टेकवून खाली घालायची, मशीनसारखी सलग रेघ दिसते. वेळ लागतो, पण एकदा घातलेली टीप उसवायलाच जीव जातो.

हे दोन्ही झालं की चौघडीला या. नावातच आहे, चार घड्यांची. साधी साडी साडेपाच मीटर लांब आणि साधारण ४५ इंच रुंद असते. ती मधोमध दुमडली, परत एकदा मधोमध दुमडली की चार थर होतात आणि आकार येतो साधारण ५४ बाय ४५ इंच. लहान मुलाला पांघरायला, सोफ्यावर बसून पायावर घ्यायला, किंवा मोठ्या माणसाला दुपारी अंगावर ओढायला पुरतो. आणि यात एक इंचसुद्धा कापावं लागत नाही. दोन बाजूंना साडीचे काठ येतात, काठाचे दोरे निघत नाहीत, त्यामुळे तिथे दुमडायची गरज नाही. तिसरी बाजू नुसती घडीच. राहिली चौथी, तिथे साडीची दोन्ही मोकळी टोकं येतात, ती अर्धा-अर्धा इंच समोरासमोर आत दुमडून घ्यायची. पदर बाहेरच्या बाजूला येईल अशी घडी घातलीत तर मागच्या अंगाला अख्खा पदर दिसतो, फार छान दिसतं ते.

त्याआधी साडी गरम पाण्यातून काढून खळ घालवा. फॉल उसवा. उसवताना घाई करू नका, फॉल आईने स्वतः लावला असेल तर आधी दोन मिनिटं तिचे टाके बघा, हेम कशी घालायची याचा नमुना आयताच मिळेल. मग साडी खिडकीशी उजेडात धरून विरलेल्या जागा शोधा, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघा. चर्र आवाज आला तर ती जागा घडीत आत जाईल असं बसवा. काठाला खूप जरीकाम असेल तर ती साडी आत्ता नको, अंगाला टोचते.

आता ते काम, जे मी केलं नव्हतं. फरशी पुसून कोरडी करा, साडी अंथरा, प्रत्येक घडीनंतर मधून कडेकडे हात फिरवत चुण्या बाहेर काढा, चारही कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा (मी खलातला बत्ता, वरवंटा आणि दोन डिक्शनऱ्या ठेवते), आणि वीतभर अंतरावर सेफ्टीपिना लावत सुटा, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घाला, एक उभी ओळ एक आडवी, फुलीसारखी. शेवटी हे टाके काढून टाकायचेत त्यामुळे कसेही दिसले तरी चालतात. पिना आणि सुया सुरुवातीला मोजून ठेवा आणि रोज उठताना परत मोजा, माझ्याकडे जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आहे, ते फरशीवरून एकदा फिरवते. लहान मूल असेल घरात तर हे सोडू नकाच.

धावदोऱ्याच्या ओळी दोन-दोन इंचांवर खडूने आखून घ्या. बावीस-तेवीस ओळी होतात, सुरुवातीला एका ओळीला वीस मिनिटं धरा, रोज संध्याकाळी तीन ओळी केल्या तरी आठवड्याभरात होते. दोरा दुहेरी घ्या, गाठ थरांच्या मधे लपवा. नजर वरच्या ओळीवर, आणि दुसरा हात कापडाखाली, सुईचं टोक बोटाला लागलं की समजायचं चारही थरांतून गेली. खालच्या बोटाला थोडी भोकं पडतील, पडू देत. शेवटी चारही कडांनी एक गोल चक्कर धावदोरा.

बाकी वस्तू पटकन सांगते. बाळाचं दुपटं म्हणजे ३६ इंची चौकोन, मऊ जुन्या सुती कापडाचे दोन थर, पण त्याला लेस, मणी, टिकल्या काही नको आणि आत एकही लोंबता दोरा ठेवायचा नाही, बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो. कापडी पिशवी सोपी वाटते पण बंद जोडायची जागा हाताने मजबूत करणं कटकटीचं आहे, तिथे चौकोन करून आत फुली मारायची. २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मी सोसायटीतल्या अर्ध्या बायकांना शिवून दिल्या, त्यातल्या निम्म्यांचे बंद महिन्याभरात परत माझ्याकडे आले. जीन्सचं काही हाताने करायला जाऊ नका, सुया मोडतात.

आणि पुढे कातरणं साठली, चिंध्यांची गोधडी करावीशी वाटली, तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका करतात ती कवंदी एकदा बघा. माझं माहेर बेळगावचं, म्हणून मला ते ठाऊक. आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी आलेल्या लोकांचा हा समाज. त्या खाली अख्खी साडी पसरतात, एका कोपऱ्यापासून कडेकडेने ठिगळ लावत, शिवत शिवत आत मध्यापर्यंत येतात, ठिगळाच्या कडा जाता जाता दुमडायच्या, आधी मापात कापाकापी नाही, नक्षी आखून घेणं नाही. शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या छोट्या तुकड्यांची फुलं लावतात, ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं म्हणत नाहीत. नवशिक्याला हे अमेरिकन पद्धतीच्या त्या मोजून-मापून कापलेल्या त्रिकोणांपेक्षा कितीतरी सोपं आहे, युट्यूबवर ते त्रिकोण बघून घाबरून जाऊ नका. फक्त ठिगळं सगळी सुती आणि सगळी धुतलेली घ्या, कोरं आणि जुनं एकत्र केलंत तर पहिल्या धुण्यात कोरं आटतं आणि जुनं चुरगळून बसतं.

मशीनचं म्हणाल तर दोन चौघड्या होईपर्यंत घेऊ नका. घेतलीत तर पहिले दोन दिवस दोरा न ओवता रेघी वहीच्या कागदावर चालवा, रेघेवर भोकं पाडत, क्लासमध्येही असंच शिकवतात. नंतर मात्र ती सुई बदला, कागदाने बोथट होते. सुती कापडाला १४ नंबर (मशीनच्या सुयांचे नंबर हातसुयांपेक्षा वेगळे असतात). आणि खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता व्हायला लागला की लोक बॉबीनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, शिव्या घालतात, बहुतेक वेळा वरचाच दोरा नीट ओवलेला नसतो.

राहता राहिलं सहापैकी कुठली साडी आधी घ्यायची ते. आईची ठेवणीतली नको. रोज घरात नेसायची, शंभरदा धुतलेली, रंग उडालेली जी असेल ती काढा, सगळ्यात मऊ तीच असते आणि सुई तिच्यातून लोण्यातून गेल्यासारखी जाते.