वाचक विचारतात : चौदा एप्रिलचा फळा

लालबागच्या एका वाचनालयाच्या दारात रोज सकाळी काळ्या फळ्यावर खडूने दिनविशेष लिहिला जातो. १४ एप्रिलच्या फळ्यासाठी तेथील कार्यकर्त्यांनी आमच्याकडे एक यादी तपासायला पाठवली आणि त्याच आठवड्यात माझगावच्या एका वाचकांचेही त्याच दिवसाविषयी पत्र आले. म्हणून या वेळचा स्तंभ एकाच तारखेला दिला आहे.

प्रश्न : मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशातून आम्ही १४ एप्रिलची पाच कलमे उतरवून घेतली आहेत : ‘आलम आरा’चे प्रदर्शन, जालियनवाला बाग हत्याकांड, बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी, टायटॅनिकची जलसमाधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म, गाव आंबडवे. ही बरोबर आहेत का? (वाचनालयाचे कार्यकर्ते, लालबाग)

उत्तर : लिहिण्याआधी विचारलेत, हे फार चांगले केलेत. यांतील पहिली तीन कलमे या तारखेची नाहीतच. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी लागला होता. कोणीतरी उतरवून घेताना महिना चुकला असावा. जालियनवाला बागेतील गोळीबार १३ एप्रिल १९१९ चा आहे. तो बैसाखीचा दिवस होता आणि बैसाखी काही वर्षी १३ ला तर काही वर्षी १४ ला येत असल्यामुळे, सण आणि तारीख एकच समजणाऱ्यांची येथे हमखास गल्लत होते. आगगाडीचा दिवस १६ एप्रिल १८५३. त्या दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन बोरीबंदरहून निघाली, तेव्हा हे कलम दोन दिवस राखून ठेवावे.

टायटॅनिकबाबत शब्द जपून वापरावे लागतील. ते जहाज १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगावर आदळले, पण बुडाले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे १५ तारखेला. ‘हिमनगावर आदळले’ असे लिहिल्यास १४ तारीख बरोबर ठरते.

राहिले बाबासाहेबांचे कलम. तारीख निर्विवाद आहे, १४ एप्रिल १८९१. गाव मात्र चुकले आहे. आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातील सकपाळ घराण्याचे मूळ गाव. बाबासाहेबांचा जन्म झाला तो मध्य प्रदेशातील महू येथे, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी नोकरीमुळे तेव्हा तेथील छावणीत होते. आपल्याकडे ‘तुमचे गाव कोणते’ या प्रश्नाला जन्मगाव न सांगता मूळ गाव सांगण्याची रीत आहे आणि तीच येथे यादीत शिरलेली दिसते. लालबागच्या फळ्यावर आणखी एक ओळ आवर्जून लिहावी, असे मला मनापासून वाटते. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी. ए. झालेला हा विद्यार्थी तुमच्या शेजारच्या परळ भागातील बी. आय. टी. चाळीत राहत होता, आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून होईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड तेथेच होते. ज्या मुलांना फळ्यासमोरून शाळेत जायचे आहे, त्यांना महूपेक्षा ही चाळ अधिक जवळची वाटेल.

प्रश्न : माझे आजोबा गोदीत कामाला होते. १४ एप्रिलला गोदीत मोठा स्फोट झाला, पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचे काहीच आले नाही, असे ते सांगत. एवढी मोठी घटना छापली गेली नाही, हे खरे असेल का? घरांवर सोने पडल्याचेही ते सांगत. (एक वाचक, माझगाव)

उत्तर : आजोबा सांगत ते दोन्ही खरे आहे, आणि वरच्या यादीत हे कलम नव्हते याचे मला अधिक वाईट वाटले.

साल १९४४, महायुद्धाचे. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि कराचीत त्यावर कापसाच्या गासड्या व वंगणतेलाची पिंपेही चढवली होती. कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी ठेवणे ही या सगळ्यातील मूळ चूक होय, कारण कापसाची गासडी एकदा आतून धुमसू लागली की वरून कितीही पाणी मारले तरी आग गाभ्यात टिकून राहते. असले जहाज एरवी गोदीत न आणता दूर समुद्रात उभे करून त्यातील माल पडावांत उतरवायचा, अशी पद्धत होती. युद्धाच्या घाईत ती बाजूला ठेवली गेली. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाणही जहाजावर नव्हते.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या मालकप्प्यातून धूर येताना दिसला. बंब आले, जवानांनी नळ सोडले आणि जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले, तरी आगीचे नेमके ठिकाण सापडेना; उलट पाणी तापून उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि गोदीच्या मनोऱ्यावरील घड्याळाचे काटे तेथेच थांबले. सुमारे अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा स्फोट झाला. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर या हादऱ्यांची नोंद झाली. ‘जलपद्म’ नावाचे जवळपास चार हजार टनांचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर आदळले, आणि जळत्या गासड्या मांडवी, दाणाबंदर, मस्जिद बंदर या भागांतील गोदामांवर आणि वस्त्यांवर पडल्या. जी वस्ती स्फोटातून वाचली होती, तिच्यातील बरीचशी या आगीत गेली. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले.

मृतांचा आकडा ७०० च्या वर ते १,३०० पर्यंत वेगवेगळा दिला जातो. गोदीत रोजंदारीवर राबणाऱ्यांतील अनेकांचे नाव कोणत्याही वहीत नसावे, असे मला या तफावतीचे कारण वाटते. मात्र अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले, ही संख्या पक्की आहे. पहिल्या स्फोटाच्या क्षणी त्यांतील बहुतेक जण हातात पाण्याचे नळ धरून जहाजाच्या अगदी जवळ उभे होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. २० एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो आणि भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात मानवंदना दिली जाते.

सोन्याविषयी. जहाजावर ३१ पेट्यांत मिळून १२४ विटा होत्या आणि प्रत्येक वीट १२ किलोंहून जड होती. स्फोटात त्या उधळल्या. त्यांतील एक जवळपास मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारला परत केली. पुढे कित्येक दशके गोदीतील गाळ काढताना अशा विटा सापडत राहिल्या.

आता वर्तमानपत्रांविषयी. युद्धकाळातील नियंत्रणामुळे बातमी खरोखरच दडपली गेली. गोदी निकामी झाल्याचे शत्रूला कळू नये, हा सरकारचा हेतू होता. पण जपान्यांच्या ताब्यातील सायगाव आकाशवाणीने दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी मिळाली नाही. स्वतःच्या शहरात, स्वतःच्या कानांनी ऐकलेला आवाज जवळजवळ महिनाभर कोणत्याही छापील कागदावर न दिसणे म्हणजे काय, हे आजोबांच्या पिढीने अनुभवले होते. त्यांच्या आठवणी आपण तारखेसह एका वहीत लिहून ठेवाव्यात, अशी माझी आपल्याला विनंती आहे. ढिगारे उपसायला सुमारे ८,००० माणसे सात महिने राबली. आजोबा त्या कामावर होते का, तेही घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे.

लालबागच्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांच्या ओळीखाली एवढेच लिहावे : ‘१९४४, दुपारी ४ वाजून ६ मिनिटे, व्हिक्टोरिया गोदी. अग्निशमन दलाचे ६६ जण आणि शेकडो मुंबईकर मृत्युमुखी.’