सोलापुरात छोट्या ऑफिसमध्ये नेटवर्क हब कुठे आणि कसा बसवावा?

सहा कॉम्प्युटर, वर पत्रा आणि शेजारी लूमचा शेड, असं तुम्ही लिहिलंय. हब नको, आठ पोर्टचा (केबल लावायच्या आठ खाचांचा) गिगाबिट स्विच घ्या. हब प्रत्येक पोर्टवर सगळा डेटा सोडतो, स्विच ज्याचा त्यालाच देतो.

जागेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. असे स्विच बहुधा 40 अंशांपर्यंतच चालवायचे असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो. म्हणून पत्र्याला लागून किंवा बंद कपाटात ठेवू नका. भिंतीवर, हाताला येईल अशा उंचीवर, चारी बाजूंनी चार बोटं मोकळी सोडून लावा. सुताची धूळ स्विचच्या हवेच्या जाळीत बसते. महिन्याला अडॅप्टर काढून कोरड्या ब्रशने झाडा.

केबल शुद्ध तांब्याची कॅट सिक्स, 100 मीटरच्या आत. लाइटच्या वायरिंगपासून फूटभर लांब, ओलांडायचीच तर काटकोनात. शेडपर्यंत उघड्यावरून न्यायची असेल तर फायबरच (वीज न वाहणारी काचेच्या तंतूची केबल) टाका, नाहीतर वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की पोर्ट जळतात.

अडॅप्टर सोबत आलेलाच वापरा, शक्यतो यूपीएसवर. 5 व्होल्टच्या स्विचला 12 व्होल्टचा लावला की तो गेलाच.

एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून स्विचमध्ये गेली तर सगळे दिवे एकदम लुकलुकतात आणि नेटवर्क ठप्प होतं. दोन्ही टोकांना सारखा नंबर चिकटवून ठेवा.