‘परेड’ दिसली की लगेच ‘मिरवणूक’ लिहू नका

भाषांतराला नुकतीच सुरुवात केली आहे ना, मग एक सांगतो. इंग्रजी मजकुरात ‘परेड’ आली की आधी बघा, कोण चालतंय आणि कशासाठी.

गणवेशातली माणसं शिस्तीत पावलं टाकत असतील, तर ‘संचलन’. दिल्लीत 26 जानेवारीला कर्तव्यपथावर होतं ते संचलन; खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, होतं ते दीक्षान्त संचलन. तिथे ‘मिरवणूक’ लिहिलंत तर वाचकाच्या कानात ढोल-ताशे वाजू लागतील. न्यूयॉर्कमध्ये 1924 पासून निघणारी मेसीज या मोठ्या दुकानाची थँक्सगिव्हिंग सणाची परेड मात्र मिरवणूकच: रस्त्यावरून जाणारे हवेचे प्रचंड फुगे, चित्ररथ, बँडपथकं. तिला संचलन म्हटलं तर सगळी मजा जाते.

खरी कसोटी क्रियापदाची. नवी गाडी गावभर ‘परेड’ केली, तर ती मिरवली. पण जमावाने एखाद्याला अपमान करत रस्त्यातून नेलं, तर ती धिंड. इंग्रजीत शब्द एकच, म्हणून अशा बातमीत ‘मिरवणूक काढली’ लिहून जातात. मला ते वाचवत नाही. ज्याचा अपमान झाला त्याच्यावर तो आणखी एक अन्याय आहे. ‘धिंड काढली’ असंच लिहा.

पोलिसांची ‘ओळख परेड’ रुळलेली आहे, तिला हात लावू नका. कफ परेड तर मुंबईतलं ठिकाण. समुद्राकाठच्या फिरण्याच्या रस्त्यालाही इंग्रजीत परेड म्हणतात, त्यातलं ते नाव.

अडलात तर पूर्ण वाक्य पाठवा. सुट्या शब्दावर मी काहीच सांगू शकणार नाही.